आईचे जेवण, माझा नासी लमाक आणि चोवीस तासांची मुदत

भावाकडे क्वालालंपूरला जायचे ठरले तेव्हा तिकिटांचे दर पाहण्याआधी आईने पंचांग पाहिले, कारण एकादशीच्या दिवशी प्रवास तिला नको होता. तिने माळ घातली त्याला वीस वर्षे होऊन गेली. बाकीचे घर रत्नागिरीचे, म्हणजे ताटात मासळी नसेल तर जेवण झाले असे न मानणारे. आम्हा दोघी मायलेकींना विमानात शक्यतो मलेशियाच्या चवीचे, आणि तरीही आईच्या नेमाला धक्का न लावणारे जेवण मिळावे, एवढीच माझी इच्छा होती. जाताना ती माझ्याच चुकीमुळे फसली आणि येताना बऱ्याच खटपटीनंतर पुरी झाली.

जातानाचे तिकीट भाड्यातच जेवण धरलेल्या कंपनीचे होते. आरक्षण करताना विशेष जेवणांची एक लांबलचक यादी समोर आली, तिच्यात मधुमेहींचे, लहान मुलांचे, मुस्लिम, ज्यू असे करत करत ‘हिंदू मील’ आले, आणि त्यापुढे वाचण्याची मला गरजच वाटली नाही. माळकरी बाईसाठी हिंदू जेवण, याहून सरळ काय असणार? मी खूण केली आणि निर्धास्त झाले.

विशेष जेवण मागितलेल्यांना जेवणाची गाडी येण्याआधीच ताट मिळते. आईसमोर ते ठेवले गेले तेव्हा आजूबाजूचे लोक अजून झोपेत होते. फॉइलच्या झाकणावर आसनाचा क्रमांक आणि चार इंग्रजी अक्षरे छापलेली चिठ्ठी होती : एचएनएमएल. आईने झाकणाचा एक कोपरा नखाने उचलला, वाफ नाकापर्यंत आली मात्र, तिने तो कोपरा तसाच खाली दाबला आणि दोन बोटांनी ताट माझ्याकडे सरकवले. “अगं, ही कोंबडी आहे,” एवढेच ती म्हणाली, पण तेवढे मला पुरले.

केबिन क्रूमधल्या मुलीने न चिडता सगळे समजावून सांगितले. विमानकंपन्यांच्या भाषेत हिंदू मील म्हणजे मांसाहार करणाऱ्या हिंदूंचे जेवण. त्यात गाईचे आणि डुकराचे मांस नसते, पण कोंबडी, बकऱ्याचे मटण, मासे, अंडी यांना मनाई नसते. भारतीय पद्धतीच्या शाकाहारी जेवणाचे अधिकृत नाव ‘एशियन व्हेजिटेरियन’ असून त्याची अक्षरे एव्हीएमएल अशी आहेत. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांसाठी जैन जेवण वेगळे, त्याची अक्षरे व्हीजेएमएल; आणि चिनी धाटणीचे शाकाहारी जेवण आणखी वेगळे, ते व्हीओएमएल. ही मागणी साधारणपणे उड्डाणाच्या किमान चोवीस तास आधी नोंदवावी लागते, कारण ताटे मोजूनच विमानात चढवली जातात. जास्तीचे शाकाहारी ताट अर्थातच नव्हते. तिने पाव, दही आणि फळांची वाटी आणून दिली, आईने पिशवीतून दशम्या आणि दाण्याची चटणी काढली, आणि ती कोंबडी मी खाल्ली.

कोंबडी खाताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती म्हणजे विमान मलेशियाला चालले असले तरी रस्सा सरळसरळ मुंबईचा होता. त्यात नवल नाही. विमानातले जेवण बहुधा विमान जिथून सुटते त्या शहराजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात शिजते, शिजल्यावर झपाट्याने पाच अंशांच्या खाली थंड केले जाते आणि आकाशात गेल्यावर गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातल्या, ओव्हनमध्ये फक्त तापवले जाते. म्हणजे मलेशियन खाद्यपदार्थ मलेशियन हाताचे हवे असतील, तर ते जाताना नव्हे, येताना मागवावेत. हे कळायला मला चौपन्न वर्षे आणि एक कोंबडी लागली.

क्वालालंपूरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ मला कांपुंग बारू भागात घेऊन गेला. उंच टॉवरांच्या सावलीतली ही जुनी मलय वस्ती नासी लमाकसाठी प्रसिद्ध आहे. नासी म्हणजे भात आणि लमाक म्हणजे स्निग्ध. नारळाच्या दुधात, पांदान या सुवासिक पानाची गाठ घालून शिजवलेला हा भात न्याहारीला खातात. केळीच्या पानात आणि वरून कागदात बांधलेली, मुठीत मावेल अशी पुडी हातात पडली. ती सोडली तेव्हा पानाच्या शिरांचे ठसे भातावर उमटलेले दिसले. एका अंगाला अर्धे उकडलेले अंडे, काकडीच्या दोन चकत्या, भाजलेले शेंगदाणे, तळलेले इकान बिलिस, आणि मधोमध तेल सुटलेला गडद लाल सांबाल, म्हणजे परतलेले मिरचीचे वाटण. इकान बिलिस म्हणजे सुकवलेली बारीक मासळी. सुकट खाऊन वाढलेल्या माणसाला ती परकी वाटण्याचे कारणच नाही. सांबालमधल्या बेलाचानचा, म्हणजे कोळंबी आंबवून केलेल्या वडीचा, वास तर थेट आमच्या जवळ्याच्या डब्याचा. (गोव्यातल्या बालचावचे नाव याच शब्दावरून आले असे सांगतात; बालचाव खाल्लेल्याला ते पटायला वेळ लागत नाही.)

माझा हा आनंद आईच्या दृष्टीने मात्र धोक्याची सूचना होती. भाजीच असलेल्या पदार्थात, अगदी परतलेल्या कांकुंगच्या पालेभाजीतही, तिथे बेलाचान पडते, आणि करणाऱ्याला ते मांसाहारात मोडते असे वाटत नाही. त्यामुळे ‘व्हेज आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. भावाने आईला एक मलय वाक्य पाठ करून दिले : “साया ताक माकान दागिंग, इकान, उदांग,” म्हणजे मी मांस, मासे, कोळंबी खात नाही, आणि त्याला शेवटी “बेलाचान पुन ताक”, म्हणजे बेलाचानसुद्धा नाही, हे शेपूट जोडून दिले. हरिपाठ पाठ असलेल्या बाईला एवढे वाक्य जड नव्हते. ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीत केळीच्या पानावरचे दाक्षिणात्य शाकाहारी जेवण आणि रोज संध्याकाळी दोन ग्लास तेह तारिक यांवर तिचे दिवस छान गेले. तेह तारिक म्हणजे ओढलेला चहा : कडक काळा चहा आणि गोड कंडेन्स्ड मिल्क एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हातभर उंचीवरून ओतत राहायचे, म्हणजे फेस येतो आणि चहा पिण्याजोगा निवतो. तिथल्या भारतीय मुसलमानांच्या ‘मामाक’ टपऱ्यांचा हा चहा. तो करणारा माणूस मान दुसरीकडे वळवूनही थेंब सांडत नव्हता, आणि आईने हे पाहण्यासाठी खुर्ची मुद्दाम फिरवून घेतली.

परतीचे तिकीट मलेशियातल्या एका कमी भाड्याच्या कंपनीचे होते, जिथे जेवण वेगळे विकत घ्यावे लागते. ज्यांना आपण काटकसरीची म्हणतो त्या विमानांतच हे रस्त्यावरचे पदार्थ उत्तम रुजले आहेत, कारण प्रवाशाने पैसे मोजून मागावे असे काही विकायचे तर त्याच्या ओळखीचेच विकावे लागते. एअरएशियाने ‘सान्तान’, म्हणजे नारळाचे दूध, या नावाने विमानातले जेवण विकता विकता २०१९च्या डिसेंबरात क्वालालंपूरच्या मिड व्हॅली मेगामॉलमध्ये त्याच पदार्थांचे उपाहारगृह काढले. विमानातले जेवण खायला लोक जमिनीवर येतील, यावर कोणी पैसे लावेल असे मला पूर्वी वाटले नसते. महागड्या विमानांत याचे दुसरे टोक दिसते. मलेशिया एअरलाइन्स आणि सिंगापूर एअरलाइन्स पुढच्या वर्गांत साते वाढतात : काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे, शेंगदाण्याचा रस्सा, काकडी, कांदा. निखारा अर्थात खालीच राहतो.

या वेळी मी घाई केली नाही. उड्डाणाच्या चार दिवस आधी आरक्षण उघडले, आईसाठी हिरव्या पानाची खूण असलेला शाकाहारी भात निवडला, आणि पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारले की त्यात बेलाचान, माशाचा सॉस किंवा अंडे आहे का. उत्तर दुसऱ्या दिवशी आले : तिन्ही नाही. उत्तर जपून ठेवले, पैसे भरले, आणि पावती वाचताना दिसले की आईच्या नावावर नासी लमाक आणि माझ्या नावावर शाकाहारी भात पडला आहे. प्रत्येक प्रवाशाचे जेवण त्याच्या नावाखाली स्वतंत्र निवडायचे असते आणि मी पहिले नाव माझे धरून चालले होते. मुदत संपायला तेव्हा एकतीस तास बाकी होते, म्हणून अदलाबदल करता आली. ती झाली नसती तरी आम्ही शेजारीच बसणार होतो, हे भावाने सांगितल्यावर माझ्या लक्षात आले. पण कोंबडीनंतर मला चिठ्ठीवरचे नावसुद्धा बरोबर हवे होते. भावजयीने दिलेली सांबालची बाटली मी आठवणीने सामानाच्या बॅगेत टाकली, कारण शंभर मिलिलिटरच्या वरचा लगदा सुरक्षा तपासणीत द्रवातच धरतात.

विमानातला नासी लमाक कागदी खोक्यात आला. भात मऊ आणि मोकळा होता, नारळाच्या स्निग्धतेमुळे पुन्हा तापवूनही तो कडक झाला नव्हता. सांबाल तर खालच्यापेक्षा फारसा उणा नव्हता. हार मानली ती इकान बिलिसने; भाताच्या वाफेत राहून ते पार मऊ पडले होते. केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ ठेवलेली असते, म्हणजे १६४६ मीटरच्या कळसूबाईहूनही उंच बसून आपण जेवतो, शिवाय ती हवा फार कोरडी असते. अशा हवेत मीठ आणि साखर जिभेला कमी लागतात, पण मसाल्याचा आणि आंबवलेल्या मासळीचा जोर टिकतो. म्हणून उकडलेली भाजी तिथे फिकी वाटते आणि बेलाचान ठणठणीत. हे मी आईला सांगितले, तेव्हा ती आपला भात खात म्हणाली, “तुला बरंच झालं की मग.”

जेवणानंतर तिने तेह तारिक मागितला. आला तो पुडीतल्या भुकटीत गरम पाणी ओतलेला, कागदी पेल्यात, फेसाविना. त्या उंचीवर पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळते आणि डुलत्या विमानात कोणी हातभर उंचीवरून चहा ओतणार नाही, हे मला समजत होते. आईने माझा रिकामा पेला घेतला, दोन्ही पेले ताटावर धरले आणि चार बोटांच्या उंचीवरून चहा या पेल्यातून त्या पेल्यात केला, मग परत उलटा, असा पाच-सहा वेळा. फेस काही आला नाही, पण चहा पिण्याजोगा निवला.