मत नाही, तर वर्गणी नाही

आठवी ‘ब’चा मॉनिटर मी होतो, त्यामुळे गॅदरिंगची वर्गणी माझ्याकडे. माणशी 2 रुपये. पैसे कंपासपेटीत, हिशेब भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर. त्या वर्षी एकाही मुलीनं पैसे दिले नाहीत, आणि याला कारण आमच्या इतिहासाच्या बाई.

बाई नागपूरच्या महाल भागातून सायकलनं यायच्या. परीक्षेत न येणारं शिकवायची त्यांना भारी हौस. 1849 मध्ये बाल दुलीपसिंगाचं पंजाबचं राज्य गेलं, कोहिनूरही गेला, इथवर धडा आला आणि बाईंनी पुस्तक मिटलं. “आता त्याच्या लेकीचं ऐका.”

सोफिया दुलीपसिंग. जन्म 1876चा, व्हिक्टोरिया राणीची धर्मकन्या, राहायला हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याजवळ राणीनंच दिलेलं घर. आणि ही 18 नोव्हेंबर 1910ला ब्रिटनमधल्या बायकांच्या चळवळीची पुढारी एमिलीन पँकहर्स्ट हिच्यासोबत मताचा हक्क मागत पार्लमेंटवर चालून गेली! पोलिसांनी त्या दिवशी बायकांना अक्षरशः बदडलं. पुढं सोफियानं पाच कुत्री, बग्गी आणि नोकर यांचे परवानेच काढले नाहीत. मत नाही, तर कर नाही. थकबाकीपोटी सात हिऱ्यांची अंगठी जप्त झाली. लिलावात चळवळीतल्याच एकीनं ती विकत घेतली नि सोफियाला परत दिली. हे सांगताना बाईंनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली होती. ती टेकली तेवढा आवाजही मागच्या बाकापर्यंत आला.

आमच्याकडे मॉनिटर निवडताना हात फक्त मुलांनी वर करायचे. का, ते कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपासपेटी घेऊन मुलींच्या रांगेत गेलो. “मत नाही, तर वर्गणी नाही बाप्पा!” आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी तडक हेडसरांकडे. चुगलीच ती, आता कबूल करायला हरकत नाही. बाई तिथंच बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, “सर, 1952ला अख्ख्या नागपूरनं अनसूयाबाई काळ्यांना लोकसभेत पाठवलं. आठवी ‘ब’ला काय अडचण आहे?”

सर हसले. शनिवारी चिठ्ठ्या टाकून मतदान झालं आणि मी 9 मतांनी पडलो. नव्या मॉनिटरनं, दोन वेण्या घालणाऱ्या त्या मुलीनं, पहिल्यांदा कंपासपेटी मागितली. 4 रुपये कमी भरले. शाळेसमोरच्या ठेल्यावरच्या बोरकुटात गेले होते ते.