ओव्हलच्या काठाने, बांधकाम खात्याच्या मागावर

पुण्यात ससूनच्या जुन्या दगडी इमारतीत शिरणाऱ्याच्या हातात केसपेपर असतो आणि डोक्यात घरचं दुखणं. मान वर करून कमानी बघायला तिथे कुणाला सवड नसते, आणि असायचं कारणही नाही. मी मात्र त्या सकाळी कमानींसाठीच गेले होते. उतरतं छप्पर, घड्याळाचा मनोरा, खालचे रुंद व्हरांडे. १८६३ ते १८६७ या काळात हे सगळं उभं राहिलं आणि आराखडा होता हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरचा. थोड्याच अंतरावरचं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, त्याचंच. येरवड्याच्या बाजूचं डेक्कन कॉलेजही त्याचंच. एकाच दशकात, एकाच शहरात एवढं काम.

इमारती आपण शैलीने ओळखतो. ही गॉथिक, ती इंडो-सारासेनिक. मला त्या खात्याने ओळखायच्या होत्या. माझे वडील बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. एम.बी., टेस्ट चेक, टेंडर, मंजुरी हे शब्द जेवताना कानावर पडायचे. बदलीच्या गावी पोचल्यावर पहिले काही दिवस खात्याच्या विश्रामगृहात काढायचे, हे आमच्या घरात ठरलेलंच. पण हे खातं आलं कुठून, मुंबई-पुण्याचा आजचा चेहरा त्याने कसा घडवला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ससूनपासून निघून मुंबईपर्यंत त्याचा माग काढायचा असं ठरवलं.

कंपनी सरकारच्या काळात रस्ते, बराकी, तुरुंग, कचेऱ्या असली सगळी कामं ‘मिलिटरी बोर्ड’ नावाच्या लष्करी मंडळाकडे होती. लॉर्ड डलहौसीने १८५४ साली ते मोडून सार्वजनिक बांधकामासाठी वेगळं खातं काढलं आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यातही ते सुरू झालं. माणसं बरीचशी लष्करीच राहिली. विल्किन्सही रॉयल इंजिनिअर्सचा. पण कामाची रीत बदलली. आधी अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग काम, मग मोजमाप, मग देयक. आजही खातं याच क्रमाने चालतं.

खात्याला हाताखाली माणसं हवी होती, आणि ती विलायतेतून आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्याच १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. संगमाजवळचं आपलं सीओईपी ते हेच. सुरुवातीचा हेतू एवढाच, की इमारती, धरणं, कालवे, पूल यांच्या कामावर देखरेख करणारे कनिष्ठ अधिकारी तयार व्हावेत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथूनच इंजिनिअर होऊन १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांची पहिली नेमणूक नाशिकला झाली. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांनी केले ते याच खात्याच्या नोकरीत. त्यांचं नाव निघालं की आपल्याला म्हैसूर आठवतं, पण त्यांची उमेदीची वीसेक वर्षं या खात्यात गेली.

पुणे सोडण्याआधी गणेशखिंडीत विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपाशी थांबले. हा गव्हर्नर बार्टल फ्रियरने काढलेला पावसाळी वाडा, आराखडा जेम्स ट्रबशॉचा. १८६४ साली सुरुवात झाली आणि काम संपायला १८७१ उजाडलं. तोवर फ्रियर विलायतेला परतला होता. खर्च इतका वाढला, की मुंबईचे गव्हर्नर कसे उधळे आणि कुणाचं न ऐकणारे असतात याचा दाखला म्हणून या वाड्याचं नाव ब्रिटिश पार्लमेंटात निघालं. समोरच्या हिरवळीवर मुलं अभ्यास करत बसली होती. मला त्या इमारतीवर राग धरता आला नाही. पण वाढलेल्या खर्चाची ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण मुंबईत गेल्यावर याच खात्याचा अगदी उलटा हिशेब भेटणार होता.

डेक्कन क्वीनने सीएसएमटीला उतरले. हे स्टेशन रेल्वेचं, पण ते उभं करणारा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स मूळचा बांधकाम खात्यातला. १८६७ साली तो खात्यात आला आणि पुढे सरकारने त्याची सेवा रेल्वेला उसनी दिली. खात्यात असताना त्याने केलेलं खलाशांचं वसतिगृह कुलाब्याच्या वाटेवर आहे, आज तिथे राज्याचं पोलीस मुख्यालय आहे. स्टेशनशेजारचं जीपीओ जॉन बेगचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने ‘सल्लागार वास्तुविशारद’ असं स्वतंत्र पद केलं. बेग त्या पदावर होता आणि त्याचा मदतनीस जॉर्ज विटेट पुढे त्याच्या जागी बसला. जीपीओच्या घुमटात विजापूरचा गोल घुमट दिसतो तो इथल्या जुन्या वास्तूंकडे बघण्याच्या त्यांच्या नव्या दृष्टीमुळे. विटेटचं गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पुरं झालं, खर्च सुमारे २१ लाख. हे सगळं मी भराभर बघितलं, कारण खरी ओढ होती ती त्याआधीच्या पिढीची.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे. मुळात ती सरकारी छापखान्यासाठी योजली होती. आराखडा ट्रबशॉचा, पण प्रत्यक्ष काम उभं केलं खानबहादूर मंचेरजी कावसजी मर्झबान यांनी. मर्झबान खात्यातले पारशी इंजिनिअर. १८६०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा कोट पाडायचा ठरला तेव्हा तरुण मर्झबान ट्रबशॉच्या हाताखाली त्या कामावर होते. कोट पडला म्हणून जागा मोकळी झाली, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला म्हणून पैसा आला. फ्रियरने या दोन्हींचा मेळ घालून ओव्हल मैदानाच्या कडेने सार्वजनिक इमारतींची रांगच आखली. १८६५ साली शेअरबाजार कोसळला, भलेभले शेठ बुडाले, कामं रेंगाळली. तरी रांग पुरी झाली. मला याचं फार अप्रूप वाटतं. पैसेवाले गेले, गव्हर्नर गेला, आणि खातं आपल्या अंदाजपत्रकांना धरून पुढची दहा वर्षं दगडावर दगड चढवत राहिलं.

याच इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे आणि बांधकाम खात्याचे जुने खंड तिथे जपलेले आहेत. परवानगी घेऊन एक खंड मागवला. पानं पिवळी, कडा ठिसूळ, अक्षर मात्र सुबक. कार्यकारी अभियंत्याने लिहायचं, अधीक्षक अभियंत्याने शेरा मारायचा, मग सचिवाकडे पाठवायचं, ही चढण तेव्हाही आजच्यासारखीच. वडिलांचा पत्रव्यवहार मी लहानपणी चोरून वाचायचे, त्याची चाल तंतोतंत हीच होती.

तिथून ओव्हलच्या काठाने चालायला लागले. दक्षिण टोकाला जुनं सचिवालय, विल्किन्सचं. आता तिथे दिवाणी व सत्र न्यायालय भरतं. ४४३ फूट लांबी, प्रवेशाच्या कमानीवर १७० फुटी मनोरा. तोंडावर पोरबंदरचा फिकट दगड, कमानींत निळसर आणि तांबूस बेसॉल्ट आलटून पालटून, आणि नक्षी हेमनगरच्या पांढऱ्या दगडात. व्हरांडे पश्चिमेला काढलेत, कारण तेव्हा समुद्र जवळ होता आणि वारा थेट कचेरीत यायचा. पुढे भराव घातला, मैदानापलीकडे आर्ट डेको घरं झाली, समुद्र दूर गेला. एका खांबाच्या माथ्यावर कोरलेली पानं मी बराच वेळ बघत राहिले. प्रत्येक पान वेगळं वळलेलं. कारागीर इथलेच होते.

पुढे विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून काढला, पैसा प्रेमचंद रायचंद यांनी दिला, ही दोन्ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण कामावर हजर असलेले सहायक अभियंता होते रावबहादूर मकुंद रामचंद्र. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या २४ मूर्ती आहेत, माणसापेक्षा मोठ्या, पगड्या-पागोट्यांसकट. त्या मूर्तींचे नमुने याच मकुंद रामचंद्रांनी घडवले. सरकारी इंजिनिअरने, कामाची देखरेख करता करता! स्कॉटने मुंबई कधी पाहिलीच नाही. टॉवरवर मुंबईची माणसं आली ती एका मराठी सहायक अभियंत्यामुळे. खाली उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना मी हे सांगितलं. एका मुलीने लगेच फोन काढून पगड्यांचे फोटो घेतले आणि “हे आम्हाला कुणी सांगतच नाही हो,” म्हणाली.

मग हायकोर्ट. कर्नल जेम्स फुलरचा आराखडा, ५६२ फुटांचं काळसर दगडी धूड. एप्रिल १८७१ ला काम सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ ला संपलं. अंदाजपत्रक होतं १६,४७,१९६ रुपयांचं. प्रत्यक्ष खर्च आला १६,४४,५२८ रुपये. म्हणजे साडेसात वर्षं काम चालून, अंदाजाच्या आत, २,६६८ रुपये शिल्लक! गणेशखिंडीत ज्या खात्याचे वाभाडे निघाले, त्याच खात्याने हे करून दाखवलं. हा आकडा मी वडिलांना फोनवर सांगितला. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “अंदाजपत्रक करणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं होतं.” लोक या इमारतीत शिरल्यावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड शोधतात. कंत्राटदारांच्या भांडणातून ते कोरलं गेलं अशी दंतकथा आहे. माकड बघावं, पण आकडाही ऐकावा.

हायकोर्टाला लागून उत्तरेला जी इमारत आहे तिच्यापाशी मात्र कुणी थांबत नाही. ती खात्याची स्वतःची. १८६९ ते १८७२, पुन्हा विल्किन्स. २८८ फूट रुंद, मधला भाग सहा मजली. रेल्वे, पाटबंधारे, इमारती, सगळ्या शाखा इथे एका छताखाली बसायच्या. दुसऱ्यांसाठी मनोरे, पुतळे, घड्याळं उभारणाऱ्या खात्याने स्वतःचं घर त्या मानाने साधं ठेवलं, कमानी आणि व्हरांडे, बस्स. २०१८ साली युनेस्कोने ओव्हलची ही रांग जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यात हीसुद्धा आली. फुटपाथवर झेरॉक्स, स्टॅम्प पेपर, वडापाव. वकील मंडळी तिच्या भिंतीला टेकून चहा पितात.

महाराष्ट्र झाल्यावर पाटबंधारे वेगळे झाले आणि उरलेल्याला ‘इमारती व दळणवळण’ म्हणू लागले. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘बी अँड सी’च असतं. आता नाव सार्वजनिक बांधकाम विभाग, आणि मुंबईच्या मुख्य अभियंत्यांचं कार्यालय आहे फोर्टात, बांधकाम भवनात. ते ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव मर्झबान रस्ता. मंचेरजींच्या नावाचा. हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

वडिलांच्या ओळखीने तिथे एका उपअभियंत्यांना भेटले. जुन्या इमारतींची दुरुस्ती हा त्यांचा विषय. “ताई, डीएसआरमध्ये, म्हणजे आमच्या दरसूचीत, पोरबंदर दगडाचा दर शोधून सापडत नाही,” ते म्हणाले. “कोरीव पानाचा तर नाहीच. मग प्रत्येक बाबीचं दर पृथक्करण करायचं, म्हणजे दर कसा येतो ते फोड करून मांडायचं, ते वर पाठवायचं, मंजूर करून घ्यायचं.” मधल्या काळात अशा इमारतींच्या सांध्यांत ठिकठिकाणी सिमेंट भरलं गेलं. सिमेंट ओल आत कोंडतं, खारी हवा आहेच, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून आता ते खरवडून पुन्हा चुना भरायचा. चुन्याचं काम जाणणारे मिस्त्री कमी, आणि चुना धीराने वाळू द्यावा लागतो. “बिल मार्चच्या आत हवं असतं, चुन्याला ते कळत नाही,” असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती.

त्यांनी टेबलावरची एम.बी. दाखवली. मोजमाप पुस्तिका. पानांना छापील क्रमांक, लांबी-रुंदी-उंचीचे रकाने. खाडाखोड चालत नाही, चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. एका पानावर व्हरांड्याच्या कठड्याचं मोजमाप होतं, दगडागणिक. खाली मोजणाऱ्याची सही, त्याखाली तपासणाऱ्याची.

कुणाला हा फेरा करायचा असेल तर दुपारी चारनंतर जा. रांगेची तोंडं पश्चिमेला आहेत, उतरत्या उन्हात पोरबंदरचा दगड उजळतो. पुराभिलेखागारासाठी कामकाजाचा दिवस आणि ओळखपत्र हवं. ओव्हलच्या मधल्या पायवाटेवरून राजाबाई टॉवरच्या मूर्ती नुसत्या डोळ्यांनी धड दिसत नाहीत, दुर्बीण न्या. आणि बरोबर कुणी असेल तर त्यांना मकुंद रामचंद्र हे नाव सांगा.