आजीची दस्ती

मागच्या वर्षी वसुबारसेच्या रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. दिवाळी म्हणजे पार्लरवालीची सुगी. सकाळपासून वीसेक जणींच्या भुवया झाल्या होत्या, दोरा दातात धरून धरून जबडा आंबला होता. शेवटच्या बाईचं फेशियल उरकून मी नुकताच भाकरीला तवा ठेवला होता. उद्याचा नंबर लावायला कुणी फोन केला असेल म्हणून उचलला.

"अंबाजोगाईच्या पार्लरवाल्या ताई का? तुमचंच बघून लावलं होतं ओ मी. डोळा उघडनाच झालाय."

काय लावलं, ते विचारायची गरजच नव्हती. मी गॅस बंद केला.

माझं माहेर धारूरकडचं. बालाघाटाच्या त्या डोंगरात सीताफळ कुणाला लावावं लागत नाही. बांधावर, खडकात, जिथं दुसरं काही येत नाही तिथं ते आपोआप येतं. २०१६ साली बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा माझा भाऊ म्हणाला होता, "आपल्या फळाचं आधार कार्ड निघालं." लहानपणी दसरा-दिवाळीच्या दिवसांत आम्ही पोतंभर फळं खायचो आणि बिया चुलीमागं सुपात वाळायच्या. आजीला त्या उवांसाठी लागायच्या.

मागच्या वर्षी माझी लेक लातूरला नीटच्या क्लासला होती. हॉस्टेलवरून आली ती डोकं खाजवतच. एका खोलीत चौघी, उशा एकमेकींच्या, कंगवा एकच. मला आजीचा नुस्खा आठवला. भावाकडून बिया मागवल्या, मिक्सरला फिरवल्या, करडईच्या तेलात कालवल्या आणि लेकीच्या केसांना लावल्या. दुसऱ्या दिवशी फणीला मेलेल्या उवा आल्या. मग मीच म्हणाले, याचा व्हिडिओ टाकू.

तेव्हा मला व्हिडिओ टाकायला लागून दीड वर्ष झालं होतं. लेकीनंच लावलेली सवय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आरशाच्या टेबलावर तेलाच्या बाटलीला मोबाइल टेकवायचा आणि बोलायचं. कापूस वेचून हात खरबडले तर काय, बोअरच्या जड पाण्यानं केस काथ्यासारखे झाले तर काय. असल्या गोष्टी मुंबईच्या बायका कशाला सांगतील? त्यांचं आपलं चेहरा दोनदा धुवा, मग हे लावा, मग ते लावा. आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. दोनदा चेहरा धुवायचा म्हटलं तर सासूबाई तांब्याकडं बघतात! (जड पाण्याचं सांगूनच टाकते. त्यातल्या क्षारांशी साबणाचा राप तयार होतो आणि तो केसांवर बसतो. म्हणून वडीचा साबण डोक्याला नको. शाम्पूचा तसा राप बसत नाही. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर शेवटचा तांब्या त्याचा घ्यावा.)

माझे व्हिडिओ तीनशे-चारशे जणी बघायच्या. उवांचा चाळीस हजारांवर गेला.

तो अठ्ठावन्न सेकंदांचा होता. बिया, मिक्सर, तेल, केस, धुणं, फणी. मुळात आम्ही साडेचार मिनिटांचं शूटिंग केलं होतं. त्यात लेक बाजेवर उताणी झोपलेली, डोकं काठाच्या बाहेर लोंबतं, कानात कापूस आणि डोळ्यांवर घट्ट बांधलेली दस्ती, म्हणजे रुमाल. आजी आम्हाला अशीच झोपवायची. लेक म्हणाली, "मम्मी, दस्ती बांधलेली मी किती भंगार दिसायलेय. आणि एक मिनिटाच्या वर गेलं की कुणी बघत नाही." मी हसले आणि म्हणाले, काप.

फोनवरची बाई गंगाखेडकडच्या एका खेड्यातली. वय सव्वीस-सत्तावीस असेल. सकाळी न्हाणीत बसून, पुढं वाकून तिनं डोकं धुतलं होतं. पुढं वाकलं की सगळं पाणी कपाळावरून डोळ्यात. दुपारपर्यंत तिला वाटलं धूर लागला असेल. मग शेजारणीनं डोळ्यात तूप घालायला सांगितलं, ते घातलं. जावेनं मध सांगितला, तोही घातला. मी तिला म्हणाले, आता डोळ्यात काही म्हणजे काही घालू नको, चोळू नको, स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोड आणि आत्ताच्या आत्ता डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. तिच्या नवऱ्यानं फोन हातात घेतला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुम्हाला ह्याचे पैसे मिळतेत का, ताई?"

पैसे मला एक रुपयाही मिळत नाही. पण हे उत्तर त्याला देण्यासारखं नव्हतं.

रात्री त्यांना गाडी मिळाली नाही, ते सकाळी गेले. बुबुळावरचा पातळ पापुद्रा सोलून निघाला होता. थेंब, मलम, डोळ्याला पट्टी. मी रोज फोन करायचे. पाडव्याला ती म्हणाली, उजेड सहन होईना. सहाव्या दिवशी म्हणाली, आता दिसायलंय. त्या सहा दिवसांत मी पार्लरमध्ये किती जणींचे डोळे बघितले असतील, सांगता येत नाही.

नंतर आमच्या इथल्या डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांना यात नवीन काही नव्हतं. सीताफळाची पूड डोळ्यात गेलेल्या बायका-पोरी त्यांच्याकडं दर हंगामात येतात. त्या बियांमध्ये कीडे मारणारं जे असतं तेच बुबुळाला भाजून काढतं. मी म्हणाले, पण हे नैसर्गिक आहे ना, आजीच्या काळापासूनचं. त्या म्हणाल्या, "रुईचा चीकही नैसर्गिकच आहे. घालाल का डोळ्यात?"

मग मी आजीचं आठवत बसले. आजीनं कधी कुणाला नुस्खा नुसता सांगितलाच नाही. कुणाची सून विचारायला आली की आजी म्हणायची, "पोरीला घेऊन ये उद्या." स्वतः दस्ती बांधायची, स्वतः पूड लावायची आणि तव्यावर पाच-सहा भाकरी होईतो पोरीच्या उशाशी बसून राहायची. पोरीचा हात डोळ्याकडं गेला की चापट. धुतानाही मान मागं, पाणी कपाळाच्या वर. डोक्यात खाजवून जखम झालेली असली तर "आज नाही माय" म्हणून परत पाठवायची. मिसरूड न फुटलेली आम्ही पोरं-पोरी तिला वैतागायचो, की म्हातारी उठत का नाही. मी बिया, तेल आणि वेळ तेवढं घेतलं. म्हातारीचं बसून राहणं कापलं.

तेव्हापासून मला सगळीकडं कापलेली दस्तीच दिसते. लिंबाचंच बघा. चेहऱ्यावर लिंबू चोळा, डाग जातात, हे प्रत्येकजण सांगते. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजते आणि मागं काळे पट्टे राहतात, हे कुणी सांगत नाही. आणि आमच्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. शेतात जाणारी बाई सकाळी लिंबू लावून निघाली तर संध्याकाळी काय होईल? एका पोरीच्या गालावर रस ओघळल्याच्या रेघा तशाच उमटलेल्या मी बघितल्यात. काळ्या मेंदीचंही तेच. मेंदीचा रंग मुळात केशरी-तांबडा. लावल्या लावल्या कुळकुळीत काळी होते म्हणजे त्यात केसांच्या डायचं रसायन असतं, आणि ते कुणाकुणाच्या हाताला फोड आणतं.

गोरं करणाऱ्या ट्यूबचं तर विचारूच नका. तीन औषधं मिसळलेली ती ट्यूब, त्यातलं एक स्टेरॉइड. डॉक्टरनं वांगासाठी थोड्या दिवसांपुरती लिहून दिलेली असते आणि ती घरभर, मग गल्लीभर फिरते. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून बाई पुढं वर्षभर लावते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, दाढीसारखे केस येतात, आणि बंद केली की चेहऱ्याची आग होते. २०१८ साली सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. ट्यूबवर लाल रेघ असते ती त्याचसाठी. पण माझ्याकडं ब्लीच करायला येणाऱ्या बाईच्या पर्समध्ये ती निघतेच. तशा चेहऱ्याला मी ब्लीच लावत नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

एक मात्र खरं, की बायकांनी एकमेकींना सांगणं बंद करून भागणार नाही. कारण रात्री अकराला, घर झोपल्यावर, मला जे मेसेज येतात ते दुसऱ्या कुणाला येणार? हनुवटीला केस आलेत. अंगावरून पांढरं जातंय. पाळी तीन महिने नाही, आईला कसं सांगू? मागच्या महिन्यात एक आई एकोणीस वर्षांच्या पोरीला घेऊन आली. "हिची मान बघा, धूतच नाही नीट." साखर-लिंबानं घासून घासून मान सोलली होती. मी बोट फिरवलं. मळ नव्हताच तो. मखमलीसारखी जाड, काळी कातडी होती, काखेतही तशीच. ही खूण मी एका आरोग्य शिबिरात शिकले होते. शरीरात इन्शुलिनचं गणित बिघडलं की मान अशी होते. मी त्यांना म्हणाले, मान मी घासणार नाही, आधी पोरीची साखर तपासा. आईला राग आला. पोरीला नाही आला. ती आरशात माझ्याकडं बघत होती. तिला पहिल्यांदाच कुणीतरी घाणेरडी म्हटलं नव्हतं.

आणि अर्धवट सल्ला काय मोबाइलनं आणलाय? आमच्या बीड जिल्ह्यात तो उसाच्या फडात, कोपीतल्या चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या चालतोय. "पिशवी काढून टाक, कटकट मिटते." २०१९ मध्ये याची चौकशी करायला आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. माझी एक चुलत वहिनी त्याच वाटेनं गेली. तिशीच्या आतबाहेर असेल तेव्हा. जावेनं सांगितलं, मुकादमाच्या बायकोनं सांगितलं, कुणीतरी पैसेही उसने दिले. पांढरं जाणं साध्या औषधानं बरं होऊ शकतं, हे कुणी सांगितलं नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हेही नाही. आता चाळिशीत ती जिना चढताना कठडा धरते. तिला सल्ला देणाऱ्या सगळ्या तिच्या प्रेमाच्याच होत्या. हे मी कधी विसरत नाही.

उवांचा व्हिडिओ मी काढून टाकला. पण तो तोवर कुणीकुणी उतरवून घेतला होता आणि अजून फिरतोय, माझ्याच आवाजात. मागच्या आठवड्यात मामेबहिणीनं मलाच पाठवला, "किती छान माहिती आहे बघ" म्हणून.

नवीन व्हिडिओ चार मिनिटांचा केला. त्यात मी चूक सांगितली, आणि दस्ती बांधूनसुद्धा बिया लावू नका असंही सांगितलं, कारण आजी आता उशाशी नाही. मेडिकलवर परमेथ्रिनचं एक टक्क्याचं लोशन मिळतं. दहा मिनिटं ठेवून धुवायचं, तेही मान मागं करून. लिखा सगळ्या मरत नाहीत, म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावायचं. घरातल्या, खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी डोकी तपासायची, नाहीतर आज हिच्याकडून उद्या तिच्याकडं. लेकीनं हॉस्टेलवर चौघींचं एकाच रविवारी केलं. व्हिडिओ दोनशे सोळा जणींनी बघितला. लेक म्हणाली, "मम्मी, मी सांगितलं होतं." मी म्हणाले, असू दे.

संक्रांतीनंतर गंगाखेडच्या त्या बाईचा फोन आला. माघात बहिणीचं लग्न होतं, भुवया करायच्या होत्या. मी आधी डोळ्याचं विचारलं, डॉक्टरांनी हो म्हटलंय का विचारलं, तुमच्या गंगाखेडातही चांगली पार्लरं आहेत असंही म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्याचकडं येते."

बहिणीला घेऊन परळीवरून एसटीनं आली. दोघी दमल्या होत्या, चहा झाला. ती खुर्चीत बसली, मान मागं टेकवली. भुवया करताना बाईला सांगावं लागतं की डोळे मिटा, वरची-खालची कातडी बोटांनी ताणून धरा. मी सांगायच्या आधीच तिनं डोळे मिटले. मला विचारायचं होतं, भीती वाटत नाही का. पण दोरा दातात होता.