निरीक्षण वही कोणत्या विषयाची? : चौथीच्या वर्गातील माझा अनुभव

पुण्यातील एका अनुदानित प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवते. परिसर अभ्यास आणि मराठी यांच्या तासिका लागोपाठ घेऊन, मुलांनी आधी प्रयोग करावा आणि पाहिलेले लगेच स्वतःच्या वाक्यांत लिहावे, अशी मांडणी मी गेल्या वर्षी केली. मुख्याध्यापिकांनी वेळापत्रक विनातक्रार बदलून दिले, पालकांनी साथ दिली, साहित्यही घरातलेच होते. अडले ते एका वहीवर, आणि त्याची चीड अजून मनातून गेलेली नाही.

दोन्ही विषयांसाठी मुलांकडे एकच ‘निरीक्षण वही’ होती. तपासणीच्या वेळी मात्र वह्यांचे गठ्ठे विषयवार लावावे लागतात. आलेल्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ही वही कोणत्या विषयाची?” मी दोन्ही विषयांची म्हटल्यावर त्यांनी मराठीच्या गठ्ठ्यात वर्गकार्य कमी असल्याचा आणि परिसर अभ्यासात प्रश्नोत्तरे नसल्याचा, असे दोन शेरे लिहिले. ज्या वहीत मुलांनी वर्षभरातले सर्वांत चांगले लेखन केले होते, तीच दोन्हीकडे उणीव म्हणून नोंदली गेली.

पुढची अडचण गुणांची होती. चौथीला आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणारे मूल्यमापन 60 टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणारे 40 टक्के असते. आकारिकमध्ये प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य अशी तंत्रे आहेत. त्यांतल्या प्रात्यक्षिकाचे गुण परिसर अभ्यासात आणि वर्गकार्याचे मराठीत द्यावेत, असे मी सुचवले. “एकाच कामाचे गुण दोनदा कसे देता येतील?” असा आक्षेप आला. विषयांची सांगड घालण्यावर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच भर आहे, हे मी दाखवले, तेव्हा त्यासाठी वेगळे परिपत्रक आलेले नाही, असे उत्तर मिळाले. मग लेखी अर्ज केला. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. शाळा सुटल्यावर धावतपळत गेले की संबंधित व्यक्ती बैठकीला गेलेली असे. शेवटी एकाने सोपा मार्ग सुचवला: मुलांनी तीच नोंद दोन वह्यांत उतरवावी. याचा मला सर्वाधिक राग आला. स्वतः पाहून लिहिलेले वाक्य नऊ वर्षांच्या मुलाने केवळ गठ्ठा भरावा म्हणून पुन्हा उतरवायचे, तर त्यातले पाहणेही जाते आणि लिहिणेही. मी स्पष्ट नकार दिला.

मार्ग निघाला तो मुलांच्या पानांतूनच. मटकीचा प्रयोग घ्या. एका वाटीत कोरडी मटकी, दुसरीत ओल्या कापसावरची, तिसरीत पूर्ण पाण्यात बुडवून ठेवलेली. एका मुलीने आधी लिहिले होते, “मोड मोठा झाला.” मी तिला पट्टी दिली. दुसऱ्या दिवशीचे तिचे वाक्य होते, “काल मोड माझ्या नखापेक्षा लहान होता, आज पट्टीवर 12 मिलिमीटर भरला आणि तो खाली वळला आहे.” तिसऱ्या वाटीबद्दल एकाने लिहिले, “मटकी हवा न मिळाल्यामुळे कुजली.” त्याला विचारले, यातले तुला दिसले काय आणि तुला वाटले काय? त्याने वाक्य तोडून लिहिले, “पाण्याला वास येतो. मटकी फुगली, पण तिला नीट मोड आले नाहीत. मला वाटते, पाण्याखाली तिला पुरेशी हवा मिळाली नसावी.” वाक्य सुधारले तेव्हाच विज्ञानही सुधारले, इथे कोणता भाग मराठीचा आणि कोणता परिसरचा, हे वेगळे काढता येणार नाही.

तरीही नोंद वेगवेगळी हवी होती, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी मी दोन चौकटी आखल्या. परिसर अभ्यासाच्या चौकटीत मापन, तुलना आणि निरीक्षण व अंदाज यांतील फरक; मराठीच्या चौकटीत घटनाक्रम, नेमके वर्णन आणि वाक्यरचना. समोर दोन्ही विषयांच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना शेवटी काय यायला हवे ते, लिहिल्या. काम एकच असले तरी निकष वेगळे आहेत, हे कागदावर दिसल्यावर आक्षेप उरला नाही. त्याच अधिकाऱ्यांनी मटकीचे पान सावकाश वाचले आणि नोंदवहीवर सही केली. त्या क्षणी मला फार मोठा दिलासा मिळाला, आणि मुलांचा अभिमान वाटला.

ज्यांना असे करायचे आहे, त्यांनी या चौकटी पहिल्या दिवसापासून आखाव्यात. पाठ टाचण, म्हणजे तासिकेची लेखी आखणी, दोन न लिहिता एकच लिहावे, पण त्यात दोन्ही विषयांचे घटक स्पष्ट नमूद करावेत. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्यावी. माझ्याकडे ती होती म्हणूनच अर्ज सापडला. मुलांच्या पहिल्या लेखनात शुद्धलेखनाच्या लाल खुणा करू नयेत, नाहीतर मुले अचूक लिहिता येईल तेवढेच पाहू लागतात. आणखी एक आठवले: जुलैच्या दमट हवेत कापसावर बुरशी लवकर धरते. तेव्हा वाटी लगेच फेकून देऊ नये, झाकून ठेवावी आणि मुलांना हात न लावता तिचेही वर्णन लिहू द्यावे.