शांत गावाला मोठ्या शहराचा आकडा लावू नये

रात्री साडेअकराच्या सुमारास भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, सात-आठ मिनिटे घुमायचा आणि खाडकन बंद पडायचा. तो चालू असतानाच्या आवाजापेक्षा पुन्हा कधी सुरू होईल याची वाट पाहत पडून राहण्याचा त्रास अधिक होता. भिंतीला तळहात लावला की थरथर जाणवे आणि उशाशी ठेवलेल्या तांब्यावरचे फुलपात्र किणकिणत असे. तक्रार केल्यावर रीतसर पाहणी झाली, मापक लावला गेला, ४२ डेसिबल असा आकडा आला आणि मर्यादा ४५ ची असल्यामुळे ‘आवाज नियमात आहे’ असा शेरा मारून प्रकरण निकाली निघाले. मोजणी करणाऱ्याने आपले काम चोख केले होते. खोट नियमातच होती, आणि ती नेमकी कुठे आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले.

डेसिबल हे फूटपट्टीसारखे सरळ माप नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दसपट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारणपणे दुप्पट आवाजासारखी वाटते. मोठ्या शहरात रात्रीही रहदारी थांबत नाही, त्यामुळे सभोवतालचा आवाजच ४० डेसिबलच्या आगेमागे असला तर ४२ डेसिबलचे यंत्र त्यात विरून जाते. लहान गावात मध्यरात्रीनंतर हाच तळ २५ पर्यंत उतरू शकतो. अशा वेळी ४५ ची मर्यादा पाळणारे यंत्रसुद्धा आसपासच्या शांततेपेक्षा २० डेसिबलने वर असते, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने शंभरपट आणि कानाच्या हिशेबाने सुमारे चौपट. शिवाय निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा ज्याचा पत्ताही लागत नाही असा दूरचा पंप रात्री अगदी शेजारी असल्यासारखा ऐकू येतो, त्यामागे हेच कारण असते.

म्हणून लहान गावाच्या उपविधींत एकच ठोकळ आकडा लिहून चालत नाही. आवाज तिथल्या शांततेच्या तुलनेत मोजावा लागतो, हे माझे ठाम मत आहे. ही काही स्वप्नातली मागणी नव्हे. ब्रिटनच्या १९९६ च्या ध्वनी कायद्यात रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेसाठी नेमकी अशीच रचना आहे. तक्रारदाराच्या घरातच मोजणी करायची. तक्रारीचा आवाज वगळता खोलीतला मूळचा आवाज २४ डेसिबल किंवा त्याहून कमी असेल तर मर्यादा ३४, आणि तो २४ पेक्षा जास्त असेल तर त्याच्यावर आणखी १० डेसिबल. या हिशेबाने खोलीतला तळ २५ असेल तर मर्यादा ३५ वर येते, आणि माझ्या भिंतीपलीकडच्या यंत्राची सुटका झाली नसती.

यंत्राच्या घुमण्याबाबत आणखी एक अडचण आहे आणि ती मापकाच्या आतच दडलेली आहे. बहुतेक नियमांत ‘ए’ भारांकनाचे डेसिबल वापरतात. मंद आवाजात माणसाच्या कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येतात, म्हणून हे भारांकन खालच्या कंपनांना मोठी सूट देते: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल, तर १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल आकड्यातून वजा होतात. पंप, जनरेटर, शीतयंत्रे आणि मोठ्या ध्वनिवर्धकांचा ठोका यांची बरीचशी ऊर्जा याच पट्ट्यात असते. भिंती आणि खिडक्या उंच स्वर बऱ्यापैकी अडवतात, खर्ज मात्र आरपार येतो. परिणामी काच थरथरत असतानाही आकडा निर्दोष दिसतो. यावर उपाय अवघड नाही. त्याच मापकावर, खर्जाला फारशी सूट न देणाऱ्या ‘सी’ भारांकनानेही मोजायचे आणि दोन आकड्यांत मोठी तफावत आढळली तर खर्जाची वेगळी तपासणी करायची, एवढे एक कलम पुरेसे आहे. ते अनेक नियमावल्यांत नसते याची मला खरोखर खंत वाटते.

आवाजाची सरासरी काढून मोजण्यातही अशीच अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी दोन वेगळी मापे दिली: सततचा आवाज ३० डेसिबल आणि एकेका अचानक आवाजाची कमाल पातळी ४५. झोपमोड होते ती सरासरीमुळे नव्हे, मध्येच उसळणाऱ्या आवाजामुळे, हे त्या दोन आकड्यांमागचे शहाणपण आहे. कुत्र्याचे भुंकणे, लोखंडी शटर ओढणे, रात्री उतरवला जाणारा माल यांना तासाच्या सरासरीत गुंडाळले की सगळे सौम्य दिसू लागते.

सवलतींचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि तो फार जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोममध्ये दिवसाच्या बहुतेक वेळात मालगाड्यांना शहरात मज्जाव करणारा कायदा होता. त्यातही देवळांच्या बांधकामाच्या आणि धार्मिक विधींच्या गाड्यांना मोकळीक होती. आणि दिवसा अडवलेल्या बाकीच्या गाड्या रात्री फरसबंदीवरून खडखडत जाऊ लागल्या. गोंगाट वेळेच्या एका बाजूने दाबला की तो दुसऱ्या बाजूने वर येतो, हे नियम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि तुटलेली जलवाहिनी दुरुस्त करणारे पथक यांना सूट हवीच. समारंभांची सूट मात्र मोजून आणि आधी जाहीर करून दिलेली असावी. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत, पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, राज्य सरकारला रात्री १० ते १२ या वेळेत ध्वनिवर्धकाची मुभा देता येते, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. दिवस मोजून दिलेले असले की घरात आजारी माणूस असणाऱ्याला निदान तयारी करता येते. ‘प्रसंगानुसार परवानगी’ एवढेच लिहिले की प्रत्येक रात्र प्रसंगाची होऊ शकते.

राहिली अंमलबजावणी. लहान गावात तक्रार करणारा आणि आवाज करणारा दोघेही एकमेकांना ओळखतात, उद्या एकाच रस्त्याने जायचे असते, म्हणून पुष्कळ लोक वर्षानुवर्षे काही बोलत नाहीत. या मौनाला संमती समजणे हा मोठा अन्याय आहे. तक्रारदाराचे नाव उघड न करता मोजणीला येणारा माणूस हवा, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे, आवाज चालू असतानाच यायला हवा. ब्रिटनच्या याच कायद्यात अधिकारी आधी लेखी इशारा देतो. तो बजावल्यापासून किमान १० मिनिटांनी सुरू होणाऱ्या आणि सकाळी ७ ला संपणाऱ्या मुदतीत आवाज मर्यादेबाहेर राहिला तरच गुन्हा होतो. शेजाऱ्याला आवाज कमी करण्याची अब्रूनिशी संधी देणारी ती १० मिनिटे मला त्या कायद्यातली सर्वांत माणुसकीची तरतूद वाटते.

तक्रार करणाऱ्यानेही नुसते ‘फार त्रास होतो’ असे लिहू नये. तारीख, सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, आवाजाचा प्रकार, खिडकी उघडी होती की बंद, कोणत्या खोलीत ऐकू आला, हे पंधरा दिवस ओळीने वहीत टिपून ठेवावे. मोबाइलवरच्या मापक अ‍ॅपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, कारण त्याचे अंशांकन झालेले नसते. खरा मापक आधी ९४ डेसिबलचा ठरावीक स्वर देणाऱ्या उपकरणाने तपासून घेतात. माझ्या वहीतल्या नोंदी दाखवल्यावरच यंत्राच्या मालकाला सुरू-बंद होण्याचा क्रम प्रथम समजला. त्याने यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ओढले आणि पायांखाली जाड रबरी गाद्या घातल्या. दुपारच्या अर्ध्या तासात काम झाले.