तारांत अडकवलेला कागद

अमेरिकन गायक जॉनी कॅशचं १९५६ सालचं 'आय वॉक द लाइन' हे गाणं कानाला हेडफोन लावून ऐका. मागे कुणीतरी ताशाच्या कडेवर हलकेच काडी चालवतंय असं वाटतं. चिक, चिक, चिक. पण मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्या वेळी ड्रम नव्हताच. होते कॅश, इलेक्ट्रिक गिटारवाला लूथर पर्किन्स आणि बासवाला मार्शल ग्रँट. लूथर नि मार्शल मुळात मोटार गॅरेजातले मेकॅनिक. कॅश हवाई दलातून सुटून आलेला आणि दारोदार घरगुती उपकरणं विकून पाहिलेला. ड्रमर या मंडळींत नव्हता, आणि कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यात, तेव्हा ड्रमचं फारसं कौतुकही नव्हतं. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या नामांकित रेडिओ-मैफलीत तर त्याला जवळजवळ मज्जावच.

मग कॅशने गिटारच्या तारांत कागद अडकवला.

करून पाहायचं तर स्टीलच्या तारांची गिटार घ्या; नायलॉनच्या तारांवर कागद नुसता खुसपुसतो. कागद म्हणून नोट वापरायची, तर डॉलरची नोट १५६ मिमी लांब नि ६६ मिमी रुंद असते. ती लांबीत दोनदा दुमडली की साधारण १६ मिमीची पट्टी होते. आपली दहाची नोट १२३ मिमीची, सहा तारांना तीही पुरते. पण साधा वहीचा कागद त्याहून बरा, फाटला तर हळहळ नाही. पट्टी एका तारेवरून, दुसरीखालून अशी चटईसारखी विणायची, घोडीपासून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, दोन बोटं अलीकडे. विणताना तारा किंचित ताणल्या जातात आणि सूर चढतो, म्हणून गिटार नंतर पुन्हा लावून घ्यायची. हे विसरलं की दोष बिचाऱ्या कागदावर जातो.

घड्या जास्त झाल्या तर तार मुकी होते, लाकडावर टिचकी मारल्यासारखी. एकाच पदराचा कागद ठेवला तर तो फडफडतो आणि दोन कडव्यांत सरकत सरकत गिटारच्या पोटात पडतो. तो उलटी करून, हलवून काढावा लागतो, हा वेगळाच व्यायाम. जागा नेमकी साधली की अंगठ्याने खर्जाची तार छेडल्यावर 'बूम' येतो, आणि खाली मारलेल्या झटक्याला कागद घासून 'चिका' म्हणतो. कारण साधं आहे: कंप पावणारी तार कागदावर आपटते, करकरते आणि लगेच विझते. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला लागून असलेल्या तारा हेच करतात.

मिरजेचा तंबोरा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही घोडीवर तारेखाली एक क्षुद्र दोरा सरकवतात आणि जवारी उघडते. फक्त दोऱ्याने नाद भरतो नि लांबतो, कागदाने तो आखूड होतो. आखूड नाद म्हणजेच ताल.

या गाण्यात आणखी एक गंमत आहे. कडव्याकडव्याला गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ सूर, बदलते, म्हणून कॅश प्रत्येक कडव्याआधी गुणगुणत नवा सूर धरतो, आणि शेवटचं कडवं पहिल्याच पट्टीत पण एक सप्तक खाली गातो. गाणं त्याला संथ हवं होतं. वेग सन रेकॉर्ड्सचा मालक सॅम फिलिप्स याच्या आग्रहाचा. त्या वेगानेच ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, कॅशच्या आयुष्यात पहिल्यांदाच.

१९६० मध्ये डब्ल्यू. एस. हॉलंड हा खरा ड्रमर आला. पण 'बूम-चिका-बूम' तसंच राहिलं. १९६८च्या फॉल्सम तुरुंगातल्या मैफलीतही तेच ऐकू येतं, फक्त जास्त रांगडं.

पुढे १९९४ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, कॅशने निर्माता रिक रूबिनबरोबर एक अल्बम केला. बहुतेक गाणी रूबिनच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रित झालेली. ड्रम नाही, बास नाही, लूथर तर १९६८ मध्येच गेलेला. एक आवाज, एक गिटार, आणि खर्जाच्या तारेवर पडणारा तो अंगठा.