फोनवर लिनक्स लॅपटॉपसारखं का टाकता येत नाही?

लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की लिनक्स बसतं, मग फोनच्या प्रत्येक मॉडेलला वेगळी इमेज (टाकायच्या सिस्टिमची तयार फाइल) कशाला? हे नेहमी विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

पीसीत कोणता भाग कुठे जोडलाय, हे फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगतं. अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय नसते. स्क्रीन कोणत्या पिनांवर, टचची चिप आयटूसीच्या (चिपांना जोडणाऱ्या तारांच्या) कोणत्या पत्त्यावर, ही सगळी कुंडली 'डिव्हाइस ट्री'च्या फाइलमध्ये कुणीतरी हातानं मांडावी लागते.

२०१८ चा पोको एफ१ घ्या. स्नॅपड्रॅगन ८४५ असलेला हा फोन भारतात भरपूर खपला. अल्पाइन लिनक्सवर उभी असलेली, फोनसाठीची पोस्टमार्केटओएस ही सिस्टिम त्यावर चालते. पण या एकाच मॉडेलमध्ये दोन कंपन्यांचे डिस्प्ले आहेत, तिआनमा आणि ईबीबीजी, आणि दोन्हींच्या डिव्हाइस ट्री वेगळ्या. चुकीची इमेज टाकली की स्क्रीन काळी. माणूस घाबरतो, पण आत सिस्टिम बहुधा सुरू असते: यूएसबी केबल लावून १७२.१६.४२.१ वर एसएसएच करून (म्हणजे संगणकावरून फोनमध्ये लॉगिन करून) बघा. त्यापेक्षा आधीच अँड्रॉइडच्या कर्नल कमांडलाइनमध्ये (सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांमध्ये) पॅनेलचं, म्हणजे डिस्प्लेचं, नाव पाहून घ्यावं.

बूटलोडर (फोन लावल्यावर सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. त्यानंतर पीएमबूटस्ट्रॅप या पोस्टमार्केटओएसच्या साधनानं इमेज बनवून फास्टबूटनं, म्हणजे यूएसबीवरून, फोनमध्ये टाकायची. यात 'डीटीबीओ' पार्टिशन पुसायचं हमखास राहून जातं. त्यात अँड्रॉइडच्या डिव्हाइस ट्रीची ठिगळं असतात. बूटलोडर ती नव्या ट्रीवर चढवतो आणि फोन लोगोवरच अडकतो.

फोनच्या कंपनीचंच ४.९ आवृत्तीचं कर्नल का वापरत नाही, हा पुढचा प्रश्न. सुरुवातीला ते सोपं पडतं, खरंय. पण त्यावर कंपनीनं चढवलेला कोड मूळ लिनक्समध्ये कधी गेलाच नाही, त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या कायम स्वतःच ओढत बसावं लागतं. आमच्या मते मेनलाइन, म्हणजे मूळ लिनक्सच्या, कर्नलशिवाय पोर्टला (फोनवर लिनक्स आणण्याला) अर्थ नाही.

तरीही वायफाय, मोडेम आणि जीपीयूला (ग्राफिक्सच्या चिपला) बंद फर्मवेअर लागतंच, शिवाय त्यातल्या काहींवर फोनच्या कंपनीची सही लागते. कॅमेरा सर्वांत चिवट. सेन्सरचा ड्रायव्हर लिहून भागत नाही, कारण रंग आणि फोकस सांभाळणारा क्वालकॉमचा कोड खुला नाही.

तेव्हा 'माझ्या फोनवर चालेल का?' विचारण्याआधी चिप बघा. स्नॅपड्रॅगन ४१० किंवा ८४५ असेल तर पाया तयार आहे. उरतं ते मुख्यतः तुमच्या मॉडेलची डिव्हाइस ट्री आणि पॅनेलचा ड्रायव्हर.